बाई घरी आल्या होत्या ती संध्याकाळ

ओल्या काजूच्या चिकाचा उग्र वास आला, की मी पूर्णगडला बाईंच्या पडवीत गेले तो दिवस मला आठवतो. माझ्या दहावीच्या वर्षी या गणिताच्या बाई आमच्या घरी आल्या होत्या. बाबा मला शाळेतून काढणार, अशी मला धास्ती होती. मागल्या दारी भांडी घासताना बाबांचा चढलेला आवाज तेवढा ऐकू आला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने परीक्षेचा फॉर्म भरला. बाईंनीच त्यांना वळवलं, असं मी धरून चालले. इतक्या वर्षांनी पत्ता शोधून, शाल घेऊन, मी बाईंच्या पाया पडायला गेले, तेव्हा त्या काजू सोलत होत्या. माझं बोलणं ऐकून त्यांचे हात थांबले. “अगो, मी तर उलटच सांगायला आले होते. हिला यंदा परीक्षेला बसवू नका, शाळेचा निकाल खाली येईल, म्हटलं. तुझे बाबा असे भडकले! म्हणाले, नापास झाली तर परत बसेल, पण बसेल.” बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा सत्काराच्या भाषणात सगळ्यांदेखत म्हटलं होतं, बाई नसत्या तर बाबांनी मला शिकूच दिलं नसतं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या.