अप्पानं टोपी काढली, अन् माझी इज्जत राखली

दोस्तहो, आज सकाळी मी दाजीचा नवा साऊंडबार मुद्दाम बंद पाडला. करायला नको होतं, पण केलं.

झालं असं. काल उदगीरच्या दुकानात मी दाजीला म्हणलं, सोनेरी टोकाची महाग ऑप्टिकल केबल घ्या. दुकानदार अप्पा हसले. "टँकरचं पाणी साध्या पाईपातून आलं काय अन् सोन्याच्या पाईपातून आलं काय, घागर तेवढीच भरते. डिजिटलचं बी तसंच हाय. साधी न्या."

दाजीनं साधीच घेतली. मला लई राग आला. केबल लावायच्या आधी तिच्या टोकाची प्लास्टिकची टोपी काढावी लागते. आज पहिल्यांदाच जोडणी करताना ती मी काढली अन् गुपचूप परत बसवली. आवाज बंद!

दाजी केबल अन् मला घेऊन तडक दुकानात. चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "अप्पा, तुम्ही मला टोपी घातली!"

अप्पानं केबलचं टोक बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी दाजीच्या मागं सरकलो. दाजीला कळलं असतं तर ताईच्या घराचं दार मला कायमचं बंद होतं.

"हाव, टोपी हायच," अप्पा म्हणाले. "काढायची सांगायला मीच इसरलो. चूक माझी." अन् टोपी काढून माझ्या हातात दिली. "ठेव बाबा, तुझ्या कामाची हाय."

घरी येऊन केबल लावली तर आवाज खणखणीत! उदगीर जिल्हा झाला तर कलेक्टर अप्पालाच करा. एवढ्या मोठ्या दिलाचा माणूस मी बघितला न्हाई.

तुम्ही घेतली असती का दुसऱ्याची चूक अशी अंगावर? खरं सांगा. पण हात जोडतो, पाया पडतो, दाजीला यातलं काही सांगू नका.