फोटोतली दोन बोटं

माझ्या मुलीच्या कोपराचा एक्स-रे घरच्या ट्रंकेत आहे. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. काढला तेव्हा ती तीन वर्षांची होती. त्या फोटोत तिच्या कोपराशेजारी माझ्या थोरल्या जाऊबाईंची दोन बोटं आहेत. आईचं एकही नाही. हे मला अजून सलतं.

जाऊबाईंवर मी जळत होते, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन हिर्डोशीत आले तेव्हापासून. घरात कुणाला ताप आला तरी विचारायचं त्यांना. माझी मुलगी पडली तर मला ओलांडून त्यांच्याकडे धावायची. एकदा त्यांच्या मुलाचं डोकं आपटलं आणि पुण्याला सिटी स्कॅन झालं. पुढे दुसरे डॉक्टर पुन्हा काढू म्हणाले, तेव्हा जाऊबाईंनी पिशवीतून जुन्या फिल्मा काढून ठेवल्या आणि विचारलं, ह्या बघून भागेल का? भागलं. लहान मुलांना गरज नसताना किरण देऊ नयेत, तुम्ही फिल्मा जपल्यात हे बरं केलंत, असं ते डॉक्टर म्हणाले. ती शाबासकी गावभर झाली. आपल्याही पोरीची एखादी फिल्म असती तर आपणही जपली असती, असा अभद्र विचार तेव्हा माझ्या मनात येऊन गेला.

मग मुलगी खरंच बांधावरून पडली. कोपर टरटरून सुजलं. नवरा टेम्पो घेऊन बाहेरगावी होता, म्हणून जाऊबाई सोबत निघाल्या. एसटीत पोरगी माझ्या मांडीवर रडत होती आणि हात त्यांच्याकडे करत होती. भोरला डॉक्टरांनी हात पाहून फोटो लिहून दिला.

एक्स-रेच्या दारावर पाटी होती : गरोदर बाईने आधी सांगावे. मी ती तीनदा वाचली. मला दुसरा महिना होता, आणि नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तीन महिने भरेपर्यंत आमच्यात बोलत नाहीत. पण माझं कारण तेवढंच नव्हतं. आदल्या वर्षी दिवस गेले तेव्हा मला राहवलं नाही, जाऊबाईंना लवकर सांगून बसले, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. त्यांचीच नजर लागली, असं मी मनात धरलं होतं.

मुलगी टेबलावर एकटी थांबेना. फोटो काढणारा म्हणाला, कुणीतरी आत येऊन तिला धरा. मग त्यानं मला विचारलं, दिवस गेलेत का, पाळी चुकलीय का? जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.

शिशाचा एप्रन आहे, तेवढ्यानं भागेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि एप्रनला हात लावला. जाऊबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ही न्हाई जायची आत. म्या धरते."

तो म्हणाला, पण त्या तर नाही म्हणतायत.

"म्हनू द्या तिला. तिला भाईर बसवा."

दार लागलं. मी बाकावर बसले. आत मुलगी रडायची थांबली, आणि तिच्या थांबण्याचाच मला राग आला.

हात बाजूला ठेवा असं त्यानं बजावलं होतं, पण ऐन वेळी पोरीनं हिसका दिला आणि जाऊबाईंचा हात पुढं आला. फिल्मवर दोन बोटांची हाडं उमटली, एकात वळं. मी लगेच म्हणाले, बोटं आलीत, दुसरा काढा.

"कोपर स्पष्ट दिसतंय, ताई," तो म्हणाला. "बोटांपायी लेकराला पुन्हा किरणं कशाला?"

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि हात झोळीत बांधून दिला. स्टँडवर एसटीची वाट बघताना मुलगी जाऊबाईंच्या मांडीवर झोपली. कसं कळलं तुम्हाला, असं मी शेवटी विचारलं.

"पंधरा दिस झालं, तुज्या वाटचा हंडा कोन आनतंय?"

कंबर दुखते म्हणून मी सांगितलं होतं, आणि त्या गुमान दोन-दोन हंडे आणत होत्या. पोरीच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मागल्या बारीला तू मला सांगितलंस आन् तसं झालं. तवाधरनं वाटतं, माजीच नजर लागली आसंल. म्हनून ह्या बारीला इचारलं न्हाई."

तिथं मी नाही म्हणायला हवं होतं. तसं काही नसतं आक्का, तुमची नजर नव्हती, एवढंच. खोटं बोलायचं होतं तेव्हा तो शब्द चटकन आला होता. आता मी एसटी आली का ते बघत बसले.

मुलगा झाला. आता चालतो. पडला की उठतो आणि मला ओलांडून त्यांच्याकडे जातो. मी अजून जळते. पण त्याला अडवत नाही.