सुनबाईचा ट्रान्सफार्मर

मला सांगायचं न्हाई. पण चहाला बसलं की तुम्ही लोक हेच उकरून काढता. तर घ्या, एकदाच ऐका आन गप बसा.

माझी सून ज्योती घरी बसून एका कंपनीचं काम करते. पुस्तकांचा मजकूर तिच्याकडं येतो, जागोजागी खुणा घातलेला, वाचायला गेलं तर डोकं फिरंल असा. ती काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करते आन त्याची छापायची पानं होतात. हे आता कळलंय हो! तवा कुठं कळत होतं?

त्या दिवशी ती फोनवर ओरडली, "सर, ट्रान्सफॉर्म फेल गेलं! दुपारपर्यंत देते, काम दुसऱ्याला देऊ नका!"

मला काय ऐकू आलं? ट्रान्सफार्मर गेला! भर उन्हाळ्यात आमच्या अर्धापुरात ट्रान्सफार्मर गेला म्हणजे मोटारी बंद पडून केळीचं काय होतं, सांगू का? बिनचपलेचा पळालो. सारं शिवार गोळा केलं, लाइनमन दिगंबरला फौरन बोलावला.

"काय करून राहिले, आबा? चालू हाय की! घूं घूं ऐकू येईना का?"

"वरून चालू, आतून गेलाय! सुनेनं कंप्यूटरवर बघितलंय!"

कंप्यूटर म्हणल्यावर समदे माझ्या बाजूनं. "बंद कर लाइन, दिगंबऱ्या!" त्यानं चरफडत लाइन बंद केली.

घरी आलो तर ज्योती डोक्याला हात लावून बसलेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, काम अर्ध्यात, पडदा काळा.

"मामा, ट्रान्सफार्मर न्हाई हो, ट्रान्सफॉर्म! मजकुराची पानं करायचं काम!"

"मग? एकच की!"

"एक खूण बंद करायची राहिली म्हणून अडलं होतं. आत्ता कुठं पानं व्हायला लागली होती, तर लाइटच गेली!"

तसाच उलटा पळालो. दिगंबरच्या हातापाया पडून लाइन जोडून घेतली.

लाइट आली. तिनं एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं. आन काय सांगू! घडाला फण्या सुटाव्यात तशी पानं सुटली. मथळे मोठे, आकडे जागच्या जागी, अनुक्रमणिका आपोआप! जन्मभर केळी केली, पण असलं पीक बघितलं न्हाई. तोंड वासून बसलो. दुपारच्या आत काम गेलं, तिच्याकडंच राहिलं.

इथंच मिटलं असतं. पण परवा ट्रान्सफार्मर खरंच जळला. फोन केला तर दिगंबर म्हणतो, "आबा, सुनबाईला एंटर दाबायला सांगा, येईल लाइट."

आन मी गेलो की हो सांगायला! साऱ्या गल्लीसमोर!

आन त्या दिवशी उगाच लाइन बंद करायला लावली म्हणून मी माफी मागायची राहिलीय कुणाची? त्या दिगंबऱ्याची!