माझी चूक, त्याची चूक आणि एक मेल

साजगावच्या एका कारखान्यात मी माल रवाना करण्याचं काम बघते. सासर कडावचं. आमच्याकडे लग्नाची पत्रिका वाटताना एक घर सुटलं, तर ते घर वर्षभर तोंड फिरवून बसतं. कुणाला वगळायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. ऑफिसात मेल लिहितानाही मी तेच करायची. सांगायचं असायचं पॅकिंगच्या साहेबांना, पण कॉपी मॅनेजरला, सगळ्या खात्यांना, मुंबईच्या हेड ऑफिसला. कुणी रुसायला नको.

पॅकिंगमध्ये माझा चुलत दीर कंत्राटावर आहे. त्या महिन्यात कायम होणाऱ्यांची यादी निघायची होती आणि त्यात त्याचं नाव असल्याचं साहेबच बोलून गेले होते. घरात पेढ्यांच्या गोष्टी चालल्या होत्या.

अशात एका मालाला चुकीची लेबलं लागली आणि भरलेला टेंपो गेटवरून परत आला. माझा राग नाकावरच असतो. बसल्या बैठकीला मेल ठोकला, की पॅकिंगवाले लेबल वाचत नाहीत आणि निस्तरावं आम्हाला लागतं. नाव घातलं नाही, एवढीच काय ती अक्कल. हेड ऑफिसने लगेच विचारलं, माणूस कोण? साहेबांनी सगळ्यांदेखत दिराचं नाव लिहिलं. मी घाबरून मेल मागे घ्यायचं बटण दाबलं, तर मी तो मागे घेऊ बघतेय हेही प्रत्येकाला कळलं. म्हणजे होती नव्हती ती अब्रूही गेली.

यादी निघाली. त्यात तो नव्हता.

त्यानंतर मी लेबलांची फाईल उघडली. आधी उघडायला काय झालं होतं, देव जाणे. चुकीची लेबलं माझ्याच टेबलावरून छापून गेली होती. दिराने ती मिळाली तशी चिकटवली होती. मला फार लाज वाटली. मी एचआरच्या बाईंना शब्द निवडून, शांतपणे सगळं कळवलं. फक्त त्यांनाच. मग जेवणाच्या सुट्टीत दिराला गाठून सांगितलं की मी चूक कबूल केली आहे. त्याने डबा बंद केला.

"वैनी, माजी चूक तुमी सगळ्यांना कळवली. तुमची एकीलाच?"

दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहायला अख्खी सकाळ गेली. चूक माझी होती, त्याची नव्हती. या खेपेला पहिल्या मेलमधली सगळी नावं एकेक करून तपासली आणि मेल पाठवला. कुणाचं उत्तर आलं नाही. एचआरच्या बाई भेटल्यावर एवढंच म्हणाल्या, की पुढच्या यादीच्या वेळी बघू.

तो अजून कंत्राटावरच आहे. रोज सकाळी लेबलं न्यायला येतो, माझ्यासमोर उभा राहून प्रत्येक लेबल मोठ्याने वाचतो आणि मगच सही करतो. त्याचं वाचून होईपर्यंत मीही उभी राहते.