हात फक्त टेकवायचा

मगदूम मॅडम गेल्या, हे त्यांच्या धाकट्या बहिणीनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्यासमोर टेबलावर पेशंट होती. मी 'बरं' म्हणाले, फोन ठेवला आणि तपासणी पुरी केली. मॅडमनी तेच करायला लावलं असतं. रडले ते नंतर, जिन्यात... त्याला आता महिना होत आला.

कोल्हापुरात स्तनांची सोनोग्राफी करणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण मॅडमसारखा हात मी दुसरा पाहिला नाही. गाठ मऊ की कडक, हे दाखवणारी तपासणी आमच्या सेंटरमध्ये त्यांनीच आणली. अंगावर टेकवायच्या प्रोबनं किंचित दाब दिला की मऊ भाग दबतो, कडक गाठ दबत नाही. पडद्यावर ती निळी दिसते. ऐकायला सोपं. मी नवी होते, हुशारीचा माज होता. गडहिंग्लजहून आलेल्या एका बाईंची गाठ तपासून, मऊ आहे म्हणून मी त्यांना घरी पाठवलं. मॅडमनी चित्र पाहिलं आणि थेट फोन उचलला. एसटी सुटायच्या आत बाई परत आल्या.

"आता आनि काय झालं म्हणायचं?" त्या घाबरून म्हणाल्या.

"पुन्हा एकदा बघू. चूक आमची हाय," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "एवढा जोर? ऊस पिळायला आलीयस व्हय? सगळंच दाबून घट्ट केलंस, मग गाठ वेगळी दिसणार कशी?" त्यांनी प्रोब नुसता टेकवला. बाईंच्या श्वासानं जेवढं हलेल तेवढंच. तीनदा चित्र घेतलं, तिन्हीदा निळं... सुईची तपासणी झाली. कॅन्सर होता, पण लहान होता. त्या बाई आजही बऱ्या आहेत.

मला वाटलं, नोकरी गेली. पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी डब्यातून एक थलथलीत वडी आणली. सरावासाठी अशी वडी जिलेटिनची करतात. पण मॅडमच्या जैन स्वयंपाकघरात हाडांचं जिलेटिन कसं शिरणार? म्हणून त्यांनी चायना ग्रास उकळून, त्यात इसबगोल ढवळून ती केली होती, आत दुप्पट घट्ट गोळी दडवून. ती गोळी स्वच्छ निळी दिसेपर्यंत मला पेशंटला हात लावू दिला नाही. कितीतरी दिवस वड्या येत राहिल्या. मी चिडले, रुसले, शिकले.

मग एका दुपारी, शेवटची पेशंट गेल्यावर, त्या स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. "डावीकडं बघ," एवढंच म्हणाल्या. साऱ्या जिल्ह्याच्या गाठी तपासणाऱ्या बाईनं स्वतःकडे बघायला इतका उशीर करावा, याचा मला आजही राग येतो. माझा हात कापत होता. "दाबू नकोस की गं. खरं हाय ते दिसू दे." मी प्रोब टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. निळं. मॅडमनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ...

"झकास आलंय चित्र," त्या म्हणाल्या. "नाव पुसून ठेव. पोरींना शिकवायला होईल."

ते चित्र मशीनमध्ये आहे. नव्या आलेल्या डॉक्टर मुलींना मी सगळ्यात आधी तेच दाखवते. काल एकीनं मला विचारलं, "मॅडम, इतकं स्वच्छ कसं आलं? पेशंट जरासुद्धा हलली नाही का?"

"नाही," मी म्हणाले. "हात माझाच कापत होता."