बिरूची मिशी

कळसच्या बिरूची मिशी बघितली नाही असा माणूस वालचंदनगरच्या कंपनीत सापडायचा नाही. सायकल गेटातून आत यायची तेव्हा आधी मिशी यायची, मग बिरू. ओतशाळेत दिवसभर काळी रेती उपसून माणूस भुतासारखा दिसायचा, पण मिशीची टोकं मात्र वर. सारजा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "घरातलं निम्मं खोबरेल मिशी खाती, निम्म्यात आमी समदी."

आता या मिशीवर गदा कशी आली ते सांगतो. चूक कुणाची म्हणाल, तर बिरूच्या तोंडाची.

बिरूचे वडील गेणूआबा. उभी हयात मेंढरामागं गेलेली. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात हिंडायचं आणि पाऊस यायच्या आत माघारी यायचं. बिरू तेव्हा एवढासा. त्याला घोड्यावर बसवायचे, भांडीकुंडी, कोंबड्या आणि नुकत्या जन्मलेल्या कोकरांच्या गर्दीत. तो चालायच्या वयाला आला आणि आबांनी कळप विकला. शिवारात पाटाचं पाणी आलं होतं, ऊस आला होता. बिरू कंपनीत लागला. म्हणजे धनगराचं पोर असून बिरू मेंढरामागं चार कोस कधी चालला नाही, आणि हे आबा त्याला विसरू द्यायचे नाहीत. कधी "पाय दुखत्यात" म्हणाला की आबा ओट्यावरून ओरडायचे, "तुला पाय कुठनं आलं? घोड्यावरचं पोरगं तू!" सगळे हसायचे. बिरूही हसायचा, पण ते त्याला लागायचं. चाळिशी आली, दोन लेकरांचा बाप झाला, तरी लागायचं.

त्याचा जिवलग दोस्त ज्ञानदेव. मूळचा डाळजचा, कंपनीत ड्रॉइंग विभागात, राहायला क्वार्टरमध्ये. भल्या पहाटे हाफ पँट घालून रस्त्यानं पळायचा. पळणारा माणूस दिसला की आपल्याकडं आधी त्याच्या मागं कोण लागलंय ते बघतात, तसं त्याच्याही मागं बघून झालं होतं. सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात तो कॅन्टीनमध्ये पेपर नाचवत आला. पुण्याच्या कुठल्याशा गिर्यारोहण संस्थेनं भोरच्या पलीकडच्या डोंगरात दोन दिवसांची शर्यत ठेवली होती. जोडीनं धावायचं, अंथरूण-पांघरूण आणि शिदोरी आपल्याच पाठीवर, मधली रात्र डोंगरावर काढायची, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दोघांनी मिळून पोचायचं. एकटा आला तर बाद.

"जायचं का?" ज्ञानदेव म्हणाला.

"जायचं का म्हंजी? त्ये डोंगर माज्या बापानं मेंढरासंगट तुडवल्यात!"

शेजारच्या टेबलावर टाईम ऑफिसचे बापूसाहेब भजी खात होते. ते म्हणाले, "बापानं तुडवले रे. तू तर घोड्यावर होतास!"

झालं! कॅन्टीन हसून लोटपोट. बिरूच्या डोक्यात सणक गेली. त्यानं मिशीला हात घातला आणि बोलून बसला, "वेळेत न्हाय पोचलो तर ही मिशी उतरवीन!"

हसणं जागच्या जागी थांबलं. आपल्याकडं मिशी केव्हा उतरवतात ते सगळ्यांना ठाऊक. बाप गेला की. बिरूची सायकल घरी पोचायच्या आधी बातमी कळसला पोचली होती, आणि आबा ओट्यावर काठी घेऊन बसले होते.

"मी जित्ता असताना मिशी उतरवतूस व्हय रं? लोकं तोंड पाडून दारात येत्याली, त्यांला मी काय च्या करून पाजू?"

बिरू मान खाली घालून उभा राहिला. "आबा, मी पोचतू बगा."

"घोडं न्हाय मिळायचं तितं!" आबा म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

कळसच्या आसपास डोंगर कसला, उतार शोधावा लागतो. मग पाठीवर ज्वारीचं अर्धं पोतं बांधून दोघं पाटाच्या कडेनं पळायला लागले. सारजा म्हणाली, "एवढ्या हौसेनं वझं वाहतो म्हणल्यावर बैल इकून टाकू." बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि हे दोघं त्यांना हात करत पुढं जायचे. खोटं कशाला बोलू, महिनाभरात बिरूला त्या पळण्याची चटक लागली.

शर्यतीच्या दिवशी पुण्याची पोरं रंगीबेरंगी जाकिटं आणि फुगीर बूट घालून आली होती. बिरू कॅनव्हासच्या बुटात, डोक्याला मुंडासं, खांद्यावर वळकटी.

"तंबू कुठाय तुमचा?" तपासणाऱ्यानं विचारलं.

"घोंगडं हाय," बिरू म्हणाला. "तंबूचाबी बाप."

पहिला दिवस म्हणजे नुसता सोहळा. चढ आला की ज्ञानदेव नकाशा बघायचा आणि बिरू आभाळ. धापा टाकत वर आले, खाली धरणाचं निळं पाणी दिसलं, आणि बिरू असा काही ओरडला की दरीनं तीनदा उत्तर दिलं. "ज्ञान्या, आरं आमी ह्ये सोडून ऊस का लावत बसलो?" संध्याकाळी मुक्कामाच्या पठारावर त्यांच्या भाकरीला आणि ठेच्याला असा भाव आला की विचारू नका. पुण्याची पोरं चॉकलेटं पुढं करायची आणि भाकरी न्यायची, आणि ठेचा लागला की नाचायची. अर्ध्याच्या वर जोड्या यांच्या मागं होत्या. मिशी सुरक्षित होती.

आणि दुसऱ्या दिवशी धुक्यात दोन वाटा फुटल्या.

ज्ञानदेव म्हणाला, "नकाशात खिंड उजव्या हाताला आहे." उजवीकडची वाट अगदी बारीक, गवतात बुडालेली. डावीकडची चांगली हातभर रुंद, खुरांनी तुडवून तुडवून मऊ झालेली. बिरू वाकला, माती चिमटीत धरली, आणि त्याच्या अंगात सात पिढ्यांचं धनगरपण संचारलं.

"नकाशा ठिव खिशात. जनावरं एवढी रोज जात्यात ती खिंडीतच जाणार. पल्याड उतरायला दुसरी वाट लागती का त्यांला? चल!"

ज्ञानदेवाला काही ते पटलं नाही, पण दोस्ताची छाती एवढी फुगलेली बघून त्यानं नकाशा खिशात घातला. दोघं त्या वाटेनं भराभर उतरले. उतरतच राहिले. वाट संपली ती एका चिखलाच्या डबक्यात. त्यात सात-आठ म्हशी नाकापर्यंत बुडून निवांत बसल्या होत्या. त्यांनी बिरूकडं बघितलं. बिरूनं त्यांच्याकडं बघितलं.

"खिंड छान आहे," ज्ञानदेव म्हणाला.

काठाला भामाबाई नावाची एक म्हातारी बसली होती, डोंगरातल्या धनगराचीच. बिरूचं घोंगडं बघून आणि खुरांचं ऐकून ती म्हणाली, "मेंढरावाले दिसताय. आमच्याकडं मेंढरं न्हाईत बाबा, म्हशीच. म्हस घाट कशाला उतरंल? तिला लोळायला पायजे." असं म्हणून ती पोट धरून हसली, आणि दोघांना तांब्याभर ताक पाजलं.

मग तोच सगळा उतार उलटा चढायचा. त्यात चिखलानं ज्ञानदेवाच्या बुटाचा तळ ओढून घेतला. बिरूनं मुंडासं फाडून त्याच्या पायाला बांधलं. ज्ञानदेव लंगडायचा, बिरूला म्हशी आठवायच्या आणि हसून हसून त्याच्या पायातलं बळ जायचं. खिंड चढून पलीकडं उतरले तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. शर्यतीचा मांडव निघत होता. तरी उरलेल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पुण्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बिरू जमिनीवर उताणा पडला. मिशी गेल्यात जमा होती, आणि उभ्या आयुष्यात त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

एसटीत ज्ञानदेव हळूच म्हणाला, "बापूसाहेबांना कोण सांगायला जातंय? पोचलो की आपण."

"ज्ञान्या, मिशी रोज माज्या तोंडावर बसती. तिच्यासंगट खोटं बोलून कसं भागंल?"

घरी आला तो थेट आबांसमोर जाऊन उभा राहिला. "आबा, न्हाय पोचलो."

आबांनी त्याचे फोड आलेले पाय बघितले. "कुठं चुकलास?"

बिरूनं सांगितलं. धुकं, दोन वाटा, खुरं, म्हशी. आबांचे आधी खांदे हलायला लागले, मग ते खोकला येईस्तोवर हसले. सारजा पाणी घेऊन पळत आली.

"सारजे, आगं पयल्या साली मीबी तितंच गेलतो! ह्याच म्हशीच्या आज्या आसत्याल. समदा कळप चिखलात! तुज्या सासूनं आठ दीस माज्यासंगं बोलनं टाकलं हुतं." डोळे पुसून ते उठले, काठी घेतली. "चल. मिशी उतरवाय मीबी येतो."

"आबा, तुमी कशाला?"

"मी जित्ता हाय ह्ये लोकांला दिसाय नगं व्हय?"

बिरूनं सायकल काढली, तर आबा म्हणाले, "चालत." आणि निघाले. पुढं आबा, मागं बिरू, पाय सोललेले. रस्ताभर आबा घाटातल्या गोष्टी सांगत होते. एवढं लांब ही बापलेकं कधी चालली नव्हती.

वालचंदनगरच्या बाजारातल्या सलूनमध्ये शिरले, तर खुर्चीत ज्ञानदेव. निम्मी मिशी गेलेली, निम्मी साबणात.

"आरं, तुजी कुठं पैज हुती?" बिरू ओरडला.

"जोडीचा नियम आहे ना? एकटा आला तर बाद," ज्ञानदेव आरशातून म्हणाला. "आईला सांगून आलोय. ती म्हणाली, मिशीचा शकुन-अपशकुन आपल्यात मानत न्हाईत, पण सोललेल्या अंड्यासारखा दिसशील."

बिरूनं मिशीवरनं एकदा हात फिरवला. तो त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि वस्तरा लागला.

तेवढ्यात बापूसाहेब दाढीला म्हणून आत आले. बिरूचा उघडा ओठ बघून पैजबिज सगळी विसरले. चेहरा पडला, टोपी हातात घेतली. "अरे बिरू… कधी गेले आबा?"

"हितं बसलोय की, कोपऱ्यात!" आबा काठी आपटून म्हणाले. "बसा बापूसाहेब, च्या सांगतो. पोरगं दोन दीस डोंगर चालून आलंय."

मग त्यांनी बिरूकडं बघितलं, बिनमिशीच्या, लहान पोरासारख्या दिसणाऱ्या त्या तोंडाकडं, आणि म्हणाले, "आज घोड्यावरनं उतरलं माजं लेकरू."