बोनेटवरचा सुपारीएवढा डाग

दुसऱ्याचा नुसता हात बघून तुमच्या पोटात कधी आग पडलीय का? त्याचा बंगला नाही, जमीन नाही, नुसता हात. खरं सांगा, इथं कुणी ऐकत नाही.

केजच्या सुग्रीवच्या पोटात रोज पडायची. धारूर रस्त्याला त्याचं गाड्या धुवायचं सेंटर आहे, पंधरा वर्षांचं. पंप स्वतः बसवलेला, रॅम्प स्वतः बांधलेला, पाटीवर स्वतःचं नाव. एवढं असून हा माणूस खुर्ची टाकून बसायचा तो गिऱ्हाइकाकडं तोंड करून नाही, रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडकडं.

ते शेड जुलेखाचं. तिचा नवरा चाँद, गाड्या ठोकून रंगवणारा पक्का कारागीर. हात थरथरायला लागले तसं त्यानं काम सोडलं आणि शेडमध्येच बाज टाकून बसला. बाईनं त्याच्याकडून शिकलेल्यातलं एकच काम धरलं: गाडीच्या रंगाला चिकटलेलं काढायचं, रंगाला न दुखवता. डांबराचे थेंब, लग्नाच्या गाडीवरच्या टेपा, आणि सगळ्यात जास्त इलेक्शनचे स्टिकर.

आपल्याकडं स्टिकर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आख्ख्या बोनेटवर साहेबांचा हसरा चेहरा. दोन महिने ऊन खाऊन तो असा बसतो की नखाला दाद देत नाही. साहेबांनी नाही तर कार्यकर्त्यानं पक्ष बदलला, की चेहरा उतरवायचा. पण भर बाजारात साहेबांच्या गालावर ब्लेड चालवणार कोण? कुणीतरी मोबाइल काढतो, व्हिडिओ फिरतो आणि संध्याकाळी डोकी फुटतात. जुलेखाकडं चेहरा सगळाच्या सगळा निघायचा. मिशीसुद्धा तुटायची नाही. ती त्याची गुंडाळी करायची, मालकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, ठेवा, उद्या परत लागंल. पुढारी खो खो हसायचे. ते हसणं रस्ता ओलांडून सुग्रीवच्या कानात शिरायचं.

तीन वर्षं तो बघत होता. बाईनं गाडी सावलीला घेतली. गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल टाकला. आणि आता बाई चहा पितेय. कामचुकार आहे नुसती, तो बायकोला, वनमालाला सांगायचा, लोक ताटकळतात आणि ही चहा ढोसते. वनमाला एकदा म्हणाली, "तुमी बी प्या की. तुमच्या रॅम्पवर तर कुत्रं निजलंय." त्या दिवशी तो जेवला नाही.

एक गाडी मात्र त्याची होती. तालुक्यातले पुढारी अमरसिंहदादा, त्यांची काळी गाडी. आठ वर्षं, दर गुरुवारी. कुणी विचारलं की काय म्हणतंय सेंटर, तर तो एवढंच सांगायचा, दादांची गाडी आपल्याकडंच असते. ती एक गेली असती, तर सुग्रीवकडं चारचौघांत सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दादा आले, ते घाईत. दुपारी धारूरला नव्या पक्षाची बैठक आणि बोनेटवर अजून जुने साहेब. तहसीलमध्ये काम होतं, ते उरकून येईपर्यंत चेहरा निघायला पाहिजे होता. किल्ली देता देता ते थांबले. त्यांची नजर रस्त्यापलीकडं गेली.

"जमतंय का बे सुग्र्या? न्हाई तर समोर लावतो."

"जमतंय की दादा. कावून न्हाई जमणार?"

रीत त्याला पाठ होती. त्यानं पाणी तापवलंसुद्धा. टॉवेल हातात घेतला आणि समोर बघितलं. जुलेखा एका गाडीचा दरवाजा पुसत होती. आता हा टॉवेल टाकला, तर हिला कळणार की सुग्रीव आपल्याकडून शिकला. तीन वर्षं बघून बघून शिकला. त्यानं टॉवेल बादलीत आपटला आणि थिनरचा डबा उघडला.

स्टिकरच्या खालच्या कडेला त्यानं थिनरचं फडकं फिरवलं. डिंक सुटला. त्याला हसू आलं. मग फडकं काळं झालं. गाडीचा रंग सायीसारखा सुरकुतला आणि निघून आला, सुपारीएवढा. तेव्हा कुठं त्याला आठवलं. कंपनीचा रंग एखाद वेळ थिनर सोसतो, मागाहून मारलेला सोसत नाही. आणि हे बोनेट मागाहून मारलेलं होतं. चार वर्षांमागं धारूरच्या घाटात रानडुक्कर आडवं आलं होतं. तेव्हा गाडी चाँदकडं नेणारा आणि रंग वाळेपर्यंत राखण करणारा दुसरा कुणी नव्हता, हाच होता. नेमकं तेच डोक्यातून गेलं. डोक्यात ती बाई बसली होती ना.

स्टिकर अजून जागच्या जागी. घड्याळात साडेअकरा. सुग्रीवनं गाडी चालू केली आणि रस्ता ओलांडला.

जुलेखा हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हसली नाही. तिनं वाकून बोनेटचा वास घेतला.

"थिनर?"

तो म्हणाला, थोडंसंच.

"ह्ये चाँदनं मारल्यालं बोनेट हाय, सुग्रीवभाऊ. तुमीच हुबे हुते."

बाजेवरून चाँदनं मान वर केली आणि परत खाली घातली.

तिनं गाडी सावलीत घ्यायला लावली. पत्रा निवला तसा गरम टॉवेल टाकला. चहा ओतला, एक पेला त्याच्याही हातात दिला. पेला अर्धा झाला तेव्हा सुग्रीवच्या डोक्यात उजेड पडला. बाई रिकामी बसत नव्हती. टॉवेलाखाली डिंक मऊ होत होता, त्याला तेवढा वेळ लागत होता. तीन वर्षं त्यानं फक्त चहा बघितला होता.

मग तिनं कोपरा नखानं उचलला आणि स्टिकर वर न ओढता मागं दुमडत, पत्र्याला धरून हळूहळू ओढत नेला. हनुवटी, मिशी, कपाळ. राहिलेल्या डिंकावर खोबरेल तेल चोळलं, पुन्हा थांबली, जुन्या बनियनच्या मऊ कापडानं पुसून घेतलं, साबणाच्या पाण्यानं तेल काढलं. बोनेटमध्ये शेडचा पत्रा दिसायला लागला. फक्त खालच्या कडेला तो डाग.

तेवढ्यात अमरसिंहदादा रिक्षातून उतरले. गाडी जुलेखाच्या दारात, कापड जुलेखाच्या हातात. त्यांना डाग दिसला आणि त्यांनी तोंड सोडलं. नवऱ्याचे हात गेले आणि हिला कारागीर व्हायची हौस, माझ्या गाडीला हात लावायला सांगितलं कुणी, असं बरंच काही. रस्त्यावरची माणसं थांबली.

"म्या न्हाई केलं, दादा," जुलेखा म्हणाली. मग तिनं सुग्रीवकडं बघितलं. "सांगा, भाऊ."

एक वाक्य होतं. तोंडात आलंही होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या हाताला कुणीतरी नावं ठेवत होतं, आणि सुग्रीवला ते गूळ खाल्ल्यासारखं लागत होतं.

"मला काय म्हाईत? गाडी तर यांच्या दारात हाय."

 जुलेखानं साहेबांची गुंडाळी केली आणि नेहमीसारखी मालकाच्या हातात दिली. उद्या परत लागंल, तेवढं मात्र म्हणाली नाही.

काळी गाडी आजही दर गुरुवारी सुग्रीवच्याच रॅम्पवर चढते. दादांच्या बोलण्यानं बऱ्याच पुढाऱ्यांच्या गाड्या समोर जायच्या थांबल्या. सुग्रीव आता टॉवेल टाकतो, चहा पितो आणि चेहरे अख्खे काढतो. खुर्ची अजून तिकडंच तोंड करून असते. हल्ली त्याला वेगळंच सलतं: जुलेखा एकदाही रस्ता ओलांडून भांडायला आली नाही. आली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर दोघं सारखी झाली असती. तेवढंही तिनं त्याला मिळू दिलं नाही.

केजच्या बाजारात काळी गाडी उभी दिसली आणि बोनेटच्या खालच्या कडेला सुपारीएवढा निस्तेज डाग दिसला, तर तसंच पुढं जाऊ नका. मालक आत असला तर काच वाजवा आणि त्याला एवढंच सांगा, की हा डाग जुलेखाचा नाही.